१०२ मजले, ४१० दिवस



अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराच्या ऐन मध्यावर एक जागा आहे. आकाराने दोन एकरांना थोडी कमी. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे शेती होती आणि शेतातून एक ओहोळ वाहत जवळच्या तळ्याला मिळत होता. शहर वाढत आले, शेत आस्टर नावाच्या श्रीमंत घराण्याने विकत घेतले, त्यावर वाडे झाले आणि वाड्यांच्या जागी मोठे हॉटेल झाले. १९२९ साली ते हॉटेलही पाडायला घेतले आणि तिथे १०२ मजल्यांची, ३८१ मीटर उंचीची इमारत उभी राहिली. तिचे नाव एम्पायर स्टेट बिल्डिंग. गावातली पाण्याची टाकी पंधरा-वीस मीटर उंच असते. तशा वीस-पंचवीस टाक्या एकावर एक ठेवा, म्हणजे अंदाज येईल. १९३१ पासून १९७० पर्यंत जगात तिच्याहून उंच इमारत नव्हती.

उंचीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला सांगायचे आहे ते तिच्या कामाविषयी. पोलादी सांगाडा उभारायला १७ मार्च १९३० ला सुरुवात झाली आणि १ मे १९३१ ला उद्घाटन झाले. मोजून ४१० दिवस. आपल्याकडे शाळेच्या दोन खोल्यांना किती दिवस लागतात, ते तुम्ही जाणताच.

तारीख आधी, पाया नंतर

१ मे ही तारीख उगाच धरलेली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये जागांचे भाडेकरार त्या काळी १ मेपासून धरत. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला बदलते, तसेच हे. ती तारीख हुकली की भाडेकरू वर्षभरासाठी दुसरीकडे अडकणार. म्हणून शेवटचा दिवस आधी ठरला आणि तिथून मागे मोजत प्रत्येक कामाचा दिवस नेमला गेला. घरात लग्नाची तिथी निघाली की आपण किराणा कधी, आचारी कधी, मांडव कधी, असे मागे मोजत येतो, त्यातलाच हा प्रकार. कोणत्या तुळईचा नकाशा कधी तयार व्हायचा, ती कारखान्यात कधी घडायची आणि जागेवर कधी पोचायची, याचा तक्ता होता. आमच्या खात्यातही असे तक्ते भिंतीवर टांगलेले असतात. बियाणे मृगाआधी गावात पोचले की नाही, हे मात्र भिंतीला कळत नाही. इथे मात्र नोंद घेणारी माणसे दिवसातून चार वेळा कामावर फिरून प्रत्येक मजूर आपल्या जागी आहे का, हे पाहत.

काम मिळाले ते स्टॅरेट बंधू आणि ईकेन या कंपनीला. अवजारे काय आहेत, असे मालकांनी विचारले, तेव्हा पॉल स्टॅरेट यांनी आपल्याकडे साधे कुदळ-फावडेही नाही, असे सांगितले. या इमारतीचे काम नेहमीच्या अवजारांनी होणारे नाही. लागेल ते नवे विकत घेऊ, काम झाल्यावर विकून टाकू आणि आलेली रक्कम तुमच्या खात्यावर जमा करू, असे त्यांचे म्हणणे होते. बाकीचे कंत्राटदार आपापल्या यंत्रांची बढाई मारून गेले होते. काम मिळाले ते यांनाच.

पाया आणि पोलाद

जानेवारी १९३० मध्ये खोदाईला सुरुवात झाली. दोन पाळ्यांत रात्रंदिवस काम चाले. विहीर खणताना कठीण खडक लागला की आपण कपाळाला हात लावतो. उंच इमारत बांधणाऱ्याला मात्र तोच हवा असतो. मॅनहटन बेटाखाली तसा खडक आहे. त्याच्यावर २१० पोलादी खांबांचा भार टाकला. अशा इमारतीत भिंती भार घेत नाहीत. भार घेतो तो पोलादाचा सांगाडा, आणि भिंती म्हणजे त्यावर चढवलेला अंगरखा. आपल्या माळवदाच्या घरात धाब्याचा भार लाकडी खांब-तुळया घेतात आणि भिंत पडली तरी धाबे उभे राहते, तोच न्याय.

एकूण ५७,००० टन पोलाद लागले. ते पिट्सबर्गकडच्या कारखान्यांतून घडून यायचे. प्रत्येक तुकड्यावर तो कुठल्या मजल्यावर, कुठल्या जागी बसायचा आणि कुठल्या यारीने उचलायचा, हे रंगाने लिहिलेले असे. रेल्वेने नदीपलीकडच्या आवारात, तिथून तराफ्याने अलीकडे, मग ट्रकने जागेवर. कारखान्यातून निघालेली तुळई तीन-चार दिवसांत आपल्या जागी बसलेली असे. जोडकामाला चौघांची टोळी. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करून चिमट्याने फेकणार, दुसरा ते पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात बसवणार, तिसरा मागून दाबून धरणार आणि चौथा हवेच्या हातोड्याने ठोकून त्याचे डोके पसरवणार. हे सगळे शेकडो फुटांवर, अरुंद तुळईवर उभे राहून! आठवड्याला सरासरी साडेचार मजले चढत होते. सहा महिन्यांत, सप्टेंबर १९३० मध्ये, सांगाडा ८६ व्या मजल्यापर्यंत पोचला.

रस्त्यावर ढीग नाही

मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. भर शहरात माल उतरवून ठेवायला जागाच नव्हती. इमारतीला १ कोटी विटा लागल्या. त्या रस्त्यावर रचल्या असत्या तर शहर बंद पडले असते. म्हणून विटांचा ट्रक आत यायचा आणि विटा जमिनीतल्या भोकातून तळघरातल्या मोठ्या नरसाळ्यात ओतायचा. नरसाळ्याखाली छोट्या वाघिणी लागत. विटांनी भरलेली वाघीण पाळण्यातून हव्या त्या मजल्यावर जायची आणि तिथे अंथरलेल्या रुळांवरून थेट गवंड्यापाशी. घमेली नाहीत, हातगाड्या नाहीत, एकच वीट चार वेळा उचलणे नाही. प्रत्येक मजल्यावर असे रूळ होते. मजल्याचे काम संपले की उचलून वरच्या मजल्यावर.

आपल्या शेतावर खताची पोती आधी ओट्यावर, मग गोठ्यात, मग बैलगाडीत, मग बांधावर अशी किती वेळा उचलली जातात, ते एकदा मोजून पाहा. मजुरीचा बराच भाग या उचलण्यातच जातो.

बाहेरच्या दगडाचीही अशीच युक्ती. चुनखडीचा दगड इंडियाना राज्यातून आला. दोन दगडांच्या कडा तंतोतंत जुळवायच्या तर पाथरवट जागेवर टाकीने घडवत बसणार आणि महिने जाणार. त्याऐवजी कडा धातूच्या उभ्या पट्ट्यांनी झाकून टाकल्या. कडा ओबडधोबड राहिली तरी दिसत नाही, आणि काम झपाट्याने पुढे जाते.

जेवणासाठी खाली उतरून परत चढायचे म्हणजे तास गेला. म्हणून काही मजल्यांवर तात्पुरत्या खाणावळी घातल्या होत्या आणि पिण्याचे पाणी वरच मिळे. आपल्या घरच्या बाया न्याहारी बांधावर घेऊन येतात, त्यांना यातले शहाणपण वेगळे सांगायला नको.

काम करणारी माणसे

१४ ऑगस्ट १९३० या एका दिवशी कामावर ३,४३९ माणसे होती. आयर्लंड, इटली आणि इतर देशांतून पोट भरायला आलेले लोक त्यांत होते, आणि उंच पोलादकामात नावाजलेले मोहॉक जमातीचे मूळ रहिवासीही होते. लुईस हाइन या छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. ती पाहताना छाती धडधडते, कारण माणूस तुळईवर उभा असतो, डोक्यावर कापडी टोपी आणि कमरेला पट्टा नाही. पाच माणसे मेल्याची अधिकृत नोंद आहे. कामाच्या मानाने आकडा लहान आहे, असे पुस्तकांतून म्हटलेले असते. त्या पाच घरांना तो लहान वाटला नसणार.

तुमच्या घरातला कोणी पुण्या-मुंबईला बांधकामावर जात असेल तर त्याला दोन गोष्टी जरूर सांगा. हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा मागून घ्यायचा. मुकादम हसला तरी मागायचा. दुसरी गोष्ट, गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र असेल तर १८ ते ६० वयाच्या कामगाराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. नोंदणी नसेल तर अपघातानंतर कुटुंबाला मंडळाची मदत मिळत नाही.

माल तयार, गिऱ्हाईक नाही

आता या हकिकतीचा दुसरा भाग. हॉटेल पाडायचे काम चालू असतानाच, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी आली. तरी मालक थांबले नाहीत. पैशाची बाजू जॉन रास्कोब यांच्याकडे होती आणि पुढे होते न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अल् स्मिथ. मंदीमुळे माल आणि मजुरी स्वस्त झाली. जागेसह ५ कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता, ते काम सुमारे ४ कोटी १० लाखांत झाले. वेळेत झाले, अंदाजाच्या आत झाले, कामात नाव ठेवायला जागा नव्हती.

आणि इमारत ओस पडली. उद्घाटनाच्या वेळी जेमतेम पाव भाग भाड्याने गेला होता. लोक एम्पायर स्टेटऐवजी ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे रिकामी इमारत, असे म्हणून थट्टा करू लागले. पहिल्या वर्षी सगळ्या भाड्याचे जितके उत्पन्न आले, जवळजवळ तितकेच वरच्या सज्जातून शहर पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटांचे आले!

कांद्याचे भरघोस पीक काढून ट्रॅक्टर बाजार समितीच्या दारात उभा करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. त्याच मंदीत आपल्याकडेही कापसाचे आणि धान्याचे भाव कोसळले होते. सारा आणि सावकाराचे देणे मात्र तेवढेच राहिले. बियाणे, खत, पाणी, फवारणी हे सगळे वेळेवर कसे करावे, हे आम्ही विस्तारवाले तुम्हांला उत्साहाने सांगतो. माझे स्वतःचे मत असे की त्या मालकांनी प्रत्येक विटेचा हिशेब ठेवला, पण इमारत घेणार कोण, हे ठरण्याआधीच पाया खणला. एकही मोठा भाडेकरू आधी बांधून घेतलेला नव्हता. तेजीच्या दिवसांत त्याची गरज कोणाला वाटली नसावी.

दुसरे महायुद्ध येऊन गेले, हळूहळू मजले भरले आणि १९५० च्या सुमारास इमारत फायद्यात आली. स्मिथ १९४४ मध्येच वारले होते. रास्कोब १९५० मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या वारसांनी ती विकून टाकली.