नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नांची यादी ज्यांनी कधी चाळली असेल, त्यांना तिची भाषा पाठ होऊन जाते. ‘सन्माननीय मुख्यमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ इथून सुरुवात. मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, या प्रकरणी चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले’, आणि शेवटचा भाग ठरलेला: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ खाली मंत्र्यांचं उत्तर. ‘होय, हे खरे आहे.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘विलंब झालेला नाही.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहेत. म्हणजे जामखेड किंवा पाथर्डीच्या ठाण्यात काय चाललंय हे विचारण्याचा पहिला अधिकार मुंबई-नागपूरच्या सभागृहांचा. दिल्लीचा नंबर नंतर. आमदाराच्या हाती साधनं बरीच आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, अर्थसंकल्पात ‘बी-१, पोलीस प्रशासन’ या मागणीवर कपात सूचना, आणि मंत्र्याने शब्द दिला की तो पाळला गेला का हे पाहणारी आश्वासन समिती. साधनांची वाण नाही. मग अडतं कुठे, हे शोधायला आपला अहिल्यानगर जिल्हा दुर्दैवाने फार योग्य आहे. बारा आमदार विधानसभेत पाठवणारा हा जिल्हा. शेवगावचे बाळासाहेब भारदे १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं विधानसभेचे अध्यक्ष होते. अकोल्याचे मधुकरराव पिचड युती सरकारच्या काळात विरोधी पक्षनेते, लोणीचे राधाकृष्ण विखे पाटील २०१४ ते २०१९ या काळात त्याच पदावर, आणि आज विधान परिषदेचे सभापती चौंडीचे राम शिंदे. सभागृह कसं चालतं हे शिकायला नगरकरांना दुसरीकडे जावं लागत नाही.

तरीही २०१३ ते २०१८ ही पाच वर्षं आठवून पाहा. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातल्या सोनईत सफाई कामगार समाजातल्या तीन तरुणांचा खून झाला. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित शाळकरी मुलाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाथर्डी तालुक्यातल्या जवखेडे खालसा इथे एकाच कुटुंबातल्या तिघांचा. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं गेलं. जिल्हा ‘अत्याचारप्रवण’ जाहीर करा, अशी मागणी याच काळात पुढे आली.

यातली दोन प्रकरणं शेजारी ठेवली की पुष्कळ काही दिसतं. खर्डा आणि कोपर्डी, दोन्ही गावं कर्जत-जामखेड या एकाच विधानसभा मतदारसंघातली. तिथले तेव्हाचे आमदार राम शिंदे डिसेंबर २०१४ ते जुलै २०१६ गृहराज्यमंत्री होते. कोपर्डीची घटना घडली तेव्हा ते नुकतेच कॅबिनेट मंत्री झाले होते आणि जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. पावसाळी अधिवेशन पाच दिवसांवर आलेलं. सभागृह उघडलं तेव्हा कोपर्डी हाच विषय होता. विरोधी पक्षनेते नगर जिल्ह्याचेच. गृहखातं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे. खटला जलदगतीने चालवू, उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमू, असं जाहीर झालं आणि तसं घडलंही. तीन महिन्यांच्या आत आरोपपत्र, एकतीस साक्षीदार, १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघे दोषी आणि २९ नोव्हेंबरला फाशीची शिक्षा. राज्यभर निघालेल्या मराठा मूक मोर्चांचा रेटा यामागे होता हे खरंच. पण तो रेटा सभागृहात पोचला, सरकारला शब्द द्यावा लागला आणि त्या शब्दाचा पाठपुरावा झाला.

आता मधली तारीख पाहा. २३ नोव्हेंबर २०१७. कोपर्डीतले आरोपी दोषी ठरले तो दिवस आणि त्यांना शिक्षा सुनावली तो दिवस, या दोहोंच्या मध्ये, नगरच्याच जिल्हा न्यायालयात खर्ड्याचा निकाल लागला. नऊ आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. साडेतीन वर्षं मुलाचे आईवडील कोर्टाच्या तारखांना येत होते.

न्यायालयाने समोर आलेल्या पुराव्यावर निकाल दिला. न्यायाधीशांना दोष देण्याचा हा विषय नाही. सवाल आहे तो पुरावा टिकवण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांना कुणी काय विचारलं हा. साक्षीदार फितूर होतो तो एका दिवसात होत नाही. गावात राहायचं असतं, त्याच विहिरीवर, त्याच सोसायटीत, त्याच आठवडी बाजारात. त्याला संरक्षण कुणी दिलं, त्याचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवला गेला का, सरकारी वकिलाने पहिली साक्ष फिरल्यावर वर काय कळवलं, हे सारे शासनाच्या कामाचे प्रश्न आहेत. गृह विभागाला आणि विधी व न्याय विभागाला ते विचारता येतात.

सभागृहात मात्र इथे एक सोयीचा आडोसा उभा राहतो: ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’ न्यायालयासमोर असलेल्या वादाच्या गुणदोषांवर सभागृहाने बोलू नये, हा नियम योग्यच आहे. पण वकील कधी नेमला, किती तारखांना तपास अधिकारी हजर नव्हता, न्यायवैद्यक अहवाल कधी आला, साक्षीदारांना बंदोबस्त होता का, हे विचारल्याने न्यायदानात कसलाच हस्तक्षेप होत नाही. भारदे, पिचड यांच्या जिल्ह्यातल्या आमदारांनी हा फरक अध्यक्षांपुढे आग्रहाने मांडायला हवा. गुन्हा घडला त्या आठवड्यात सभागृह दणाणतं, तीन वर्षांनी साक्षी फिरतात तेव्हा कामकाजपत्रिकेवर तो विषय नसतो, आणि गरीब फिर्यादी हरतो तो याच मधल्या काळात. सोनईचा खटला नाशिकला हलवला गेला, तिथे तो टिकला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, याचाही या संदर्भात विचार व्हावा.

दुसरी अडचण प्रश्नाच्या उत्तरातच आहे. आमदाराने नगर जिल्ह्यातल्या एखाद्या ठाण्याबद्दल प्रश्न दिला की तो विधानभवनातून मंत्रालयात गृह विभागाच्या कार्यासनाकडे जातो. तिथून पोलीस महासंचालकांच्या कार्यालयात, तिथून जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, अधीक्षकांकडून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी त्याच ठाण्यात, जिथल्या कारभाराबद्दल विचारलेलं असतं. तिथला अंमलदार माहिती लिहितो आणि तीच माहिती पायऱ्या चढत वर जाते. प्रत्येक पायरीवर एखादा शब्द मऊ होतो. सभागृहात मंत्री वाचतात ते मूळचं ठाण्याचं म्हणणं असतं. उपप्रश्नांसाठी मिळतात काही मिनिटं. हाती वेगळा कागद नसेल तर आमदाराला पुढे विचारायला काही उरत नाही. माहितीचा अधिकार महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये कायद्यात आणला. त्यासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी उपोषणं केली, हा याच जिल्ह्याचा वाटा. त्या कायद्याखालच्या अर्जातून मिळालेला ठाणे दैनंदिनीचा उतारा एखाद्या आमदाराच्या हाती असला, तर ‘विलंब झालेला नाही’ हे उत्तर सभागृहात टिकत नाही.

संसदेत याच्या पुढची एक पायरी आहे. १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. गृह मंत्रालयाची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत चालते. विधी व न्याय मंत्रालयाचा कारभार वेगळ्या समितीकडे. २०२३ च्या ऑगस्टात तीन नवी फौजदारी विधेयकं याच गृह समितीकडे गेली. तेव्हा तिचे अध्यक्ष उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक ब्रिजलाल होते. नोव्हेंबरात अहवाल आले, डिसेंबरात विधेयकं मागे घेऊन नव्याने मांडली गेली. समितीने कमी वेळात काम उरकलं, विरोधी सदस्यांचे आक्षेप भिन्नमतपत्रिकांत राहिले, हे सारं खरं. तरीही गृहसचिवांना बसवून तासन्‌तास विचारण्याची जागा तिथे आहे. केरळ विधानसभेने विषय समित्या १९८० मध्येच सुरू केल्या. आपल्याकडे गृह विभागावरची चर्चा मागण्यांसाठी नेमून दिलेल्या वेळेत बसवली जाते, आणि वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात. एवढ्या मोठ्या राज्याला हे शोभत नाही.

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी केंद्र आणि राज्यांना मिळून सात निर्देश दिले. महाराष्ट्राने आठ वर्षांनी, २०१४ मध्ये, पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. राज्य सुरक्षा आयोग आला. त्याचे अध्यक्ष गृहमंत्री, आणि त्यात विधानसभेच्या विरोधी पक्षनेत्याला जागा. पण शिफारशी केवळ सल्ल्याच्या. शिवाय २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी पक्षनेता नेमलाच गेलेला नाही. म्हणजे आयोगातली विरोधकांची एकुलती एक खुर्चीही रिकामी. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर प्राधिकरणं सांगितली होती. आपण जिल्हा गाळून महसूल विभाग घातला. परिणामी जामखेडच्या माणसाने तक्रार कुठे न्यायची, तर नाशिक विभागाकडे. एक रोज बुडवून, दोन एसट्या बदलून. कायदा करताना हे कुणाच्या डोळ्यांसमोर आलं नसेल का?

बदल्यांचा विषय टाळून हा आढावा पुरा होणार नाही. आस्थापना मंडळं आली, कार्यकाळ ठरला, पण लोकहितार्थ अपवादात्मक प्रकरणी मुदतीआधी बदलीचा अधिकार सरकारने हाती ठेवला. तालुक्याला कोणता पोलीस निरीक्षक यावा यासाठी लोकप्रतिनिधींची शिफारसपत्रं जातात, हे गावच्या पारावर बसणाऱ्यालाही माहीत आहे. ज्याला आपण पत्र देऊन आणलं, त्याच्या तपासाबद्दल सभागृहात तारांकित प्रश्न विचारायचा कुणी? देखरेखीचा अधिकार इथेच गहाण पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्च २०१३ मध्ये विधानभवनाच्या आवारातच एका पोलीस अधिकाऱ्याला मारहाण झाली आणि पाच आमदार निलंबित झाले. एप्रिल २०१८ मध्ये केडगावच्या दुहेरी हत्याकांडानंतर एका आमदाराला चौकशीसाठी नेलं, तेव्हा समर्थकांनी नगरच्या अधीक्षक कार्यालयात घुसून तोडफोड केली. पोलिसांवर लोकशाहीचा वचक हवा. तो झुंडीचा झाला की ठाण्यातला प्रामाणिक हवालदार सर्वांत आधी एकटा पडतो.

जिल्ह्यातच एक साधन पडून आहे, त्याकडे कुणी वळावं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य दक्षता समितीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बसायचं आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा. जिल्ह्यातले खासदार-आमदार तिचे सदस्य आहेत. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार केंद्र सरकारने दरवर्षी संसदेच्या पटलावर अहवाल ठेवायचा असतो. अहिल्यानगरच्या बारा आमदारांनी या त्रैमासिक बैठकीत प्रत्येक प्रलंबित खटल्याची एक ओळ मागावी: आरोपपत्राची तारीख, सरकारी वकिलाचं नाव, तपासलेले साक्षीदार, फितूर झालेले साक्षीदार, संरक्षण मागितलं का, दिलं का. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षण कायदा २०१७ चा आहे, त्याखाली या जिल्ह्यात किती अर्ज आले हेही विचारावं. तो तक्ता अधिवेशनाच्या आधी हाती आला, तर लक्षवेधी लिहायला रात्र जागावी लागणार नाही, आणि पुढच्या खर्ड्यात पहिला साक्षीदार फिरेल तेव्हाच मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागेल.