घर बदला, काळ बदलू नका
(काय वाचावं? : भाग 9)

ग्रंथालयाचा सभासद झालेला माणूस पहिल्या महिन्यातच आपलं कपाट ठरवून टाकतो आणि मग वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. रहस्यकथावाल्याला चरित्रांचं कपाट दिसत नाही, इतिहासवाला कादंबरीचं नाव काढलं की नाक मुरडतो. कोहमाऱ्याच्या चौकातून नवेगाव बांधकडे वळणाऱ्या वाचकाला ही सवय मोडायची आयती सोय झाली आहे. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. पुढे ही योजना वाढवताना सरकारने वेरूळ, पोंभुर्ले, अंकलखोप यांच्या जोडीला आपलं नवेगाव बांध निवडलं. भिलारची मांडणी अशी, की एका घरात कथा, दुसऱ्यात कादंबऱ्या, तिसऱ्यात संतसाहित्य. नवेगावशी मारुती चितमपल्लींचं नाव इतकं जोडलं गेलंय की तिथे जाणारा आधी पक्ष्यांची पुस्तकं मागणार. मागू द्या. पण दुसऱ्या खेपेला काय मागायचं, याचा माझा एक ठोकताळा आहे: घर बदला, काळ तोच ठेवा. एक कालखंड धरायचा आणि तो कपाटाकपाटांतून वाचत जायचं.

आज 1939 ते 1945 घेऊ. सुरुवात रहस्यकथेपासून, कारण ती हातात घेतली की सुटत नाही.

रोज हजारो माणसं मरत असताना एका खुनाचा छडा लावायचा कशाला, असं कुणीही विचारील. पण रहस्यकथेला लागणारं सगळं सामान युद्ध फुकटात पुरवतं. ब्लॅकआऊटचा काळोख असतो. बाँबहल्ल्यात कागदपत्रं जळाली की कोण कुठला, याला पुरावा उरत नाही. मेला म्हणून तार आलेला सैनिक परत येऊ शकतो. गावात अनोळखी माणूस दिसला तर कुणाला नवल वाटत नाही, कारण निम्मं गावच परकं झालेलं असतं. ही नाती जुनी आहेत. होम्सचा वॉटसन हा अफगाण युद्धात मैवंदला जखमी होऊन परतलेला फौजी डॉक्टर. 1920 साली ‘द मिस्टिरिअस अफेअर ॲट स्टाइल्स’मधून अवतरलेला अगाथा ख्रिस्तीचा पॉयरो हा पहिल्या महायुद्धाने देशोधडीला लावलेला बेल्जियन निर्वासित. आणि ख्रिस्तीबाईंचं विषांचं ज्ञान त्याच युद्धात दवाखान्यात औषधं तयार करताना आलेलं.

पुस्तक निवडताना एक कसोटी लावा. गोष्टीतून युद्ध काढून टाकलं तर रहस्य शिल्लक राहतं का? राहत असेल तर ते युद्ध नुसतं नेपथ्य, झाडीपट्टीच्या नाटकात मागे सोडलेल्या पडद्यासारखं. ख्रिस्तीची ‘टेकन ॲट द फ्लड’ (1948) या कसोटीला उतरते. हवाई हल्ल्यात एक धनाढ्य माणूस मरतो, संपत्ती तरुण बायकोकडे जाते, आणि तिचा पहिला नवरा खरंच मेला होता का, यावर सगळ्या घराण्याचे डोळे लागतात. शांततेच्या काळात ही गोष्ट उभीच राहिली नसती. तिचीच ‘एन ऑर एम?’ (1941) मला गोष्ट म्हणून बेताची वाटते, पण तिच्यामागचा किस्सा झकास आहे. समुद्रकाठच्या गेस्ट हाऊसमध्ये एक मध्यमवयीन जोडपं शत्रूचा हेर शोधतंय, आणि तिथल्या एका पात्राचं नाव मेजर ब्लेचली. नेमकं ब्लेचली पार्कमध्येच तेव्हा जर्मन सांकेतिक संदेश फोडण्याचं अतिगुप्त काम चालू होतं. गुप्तचर खात्याने कान टवकारले. चौकशीअंती बाईंचं उत्तर आलं: माझी गाडी त्या स्टेशनात अडकून पडली होती, म्हणून सूड घेतला आणि नावडत्या पात्राला ते नाव दिलं.

एकच निवडायची तर मी क्रिस्टियाना ब्रँडची ‘ग्रीन फॉर डेंजर’ (1944) सांगेन. सुरुवातीला एक पोस्टमन सात जणांची पत्रं वाटायला निघालेला दिसतो. ती सातही माणसं पुढे केंटमधल्या लष्करी इस्पितळात कामाला लागतात. बाँबहल्ल्यात जखमी झालेला हाच पोस्टमन त्यांच्या पुढ्यात ऑपरेशन टेबलावर येतो, भूल दिली जाते आणि तो मरतो. बाहेर बाँब, आत थकलेल्या नर्सेस, आणि खुनी मास्क लावलेल्यांपैकी एक. यापुढे सांगणं पाप आहे.

मराठीत याच दशकात बाबूराव अर्नाळकर भरात होते. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांनी मराठी माणसाला वाचायची चटक लावली, आणि बाबूरावांच्या रहस्यकथांचा आकडा हजाराच्या वर गेला. नंतर गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप हा फौजी हुद्द्याचा नायक आणला. या जुन्या प्रती हाती आल्या तर आधी शेवटचा फर्मा तपासा. तो अनेकदा फाटलेला असतो, नाहीतर कुणा पुण्यवंताने खुन्याच्या नावाखाली पहिल्याच प्रकरणात पेन्सिलीने रेघ मारलेली असते. चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्क्यांची गर्दी असेल तर ती प्रत डोळे झाकून घ्या.

तरी मला रुखरुख आहे. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा! सेन्सॉरने बातमी आठवडेच्या आठवडे दाबून धरली, आणि जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली. यावर तोलामोलाची रहस्यकादंबरी माझ्या वाचनात नाही. लांब कशाला, गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टीही इंग्रजांनी 1940 मध्ये, युद्धाच्या गरजेपोटीच बांधलेली. धानाच्या बांध्यांमध्ये अचानक उगवलेला तो विमानतळ, परके अधिकारी, तोंड बंद ठेवायची ताकीद मिळालेले मजूर: आपल्या मुलखातल्या लिहित्या हातांना आणखी काय हवं?

रहस्यकथा संपली की शेजारच्या घरात जा. वि. स. वाळिंब्यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ घ्या. युद्धाचा क्रम डोक्यात पक्का बसतो. नेताजींसाठी विश्वास पाटलांची ‘महानायक’ आहे, जाडजूड आहे, रोवणी आटोपल्यावरच उघडा. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मात्र मुद्दाम शेवटी ठेवा. लहानशी कादंबरी, 1939 ची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीने हाकललेले ज्यू, परतणारा एक मराठी तरुण आणि हेर्टा. पुस्तक आलं तेव्हा पुढची सहा वर्षं काय घेऊन येणार, हे लेखकालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही वाळिंबे वाचून आलेले असता, म्हणून डेकवरच्या साध्या गप्पाही धडधडत्या छातीने वाचता. एकही खून न शोधता एवढी धाकधूक लावणारं दुसरं मराठी पुस्तक मला तरी माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात: प्रवासवर्णनं, आणि त्यातली न झालेल्या प्रवासांची वर्णनं ओळखावी कशी.