रिफाम्पिसिन जंतूला नेमकं कुठे अडवतं?

शेजारच्या काकूंना टीबीची औषधं सुरू झाली आणि लघवी नारिंगी दिसताच त्या घाबरल्या. तो रंग रिफाम्पिसिनचा, काळजी नको.

मला या औषधाचं काम फार आवडतं.

डीएनएवरची माहिती वापरायची तर आधी तिची आरएनएमध्ये नक्कल काढावी लागते. आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम डीएनएचे धागे थोडे उलगडतं आणि समोर ए आला की यू, जी आला की सी, असं एकेक अक्षर जोडत जातं.

रिफाम्पिसिन जंतूच्या एन्झाइममध्ये नव्या आरएनएच्या वाटेतच ठाण मांडतं. दोन-तीन अक्षरं जुळतात, पुढे सगळं ठप्प! आपलं एन्झाइम वेगळ्या घडणीचं, त्याला धक्का लागत नाही.

जंतूच्या या एन्झाइमचा भाग घडवणाऱ्या आरपीओबी जनुकात बदल झाला, तर मात्र औषध एन्झाइमला नीट चिकटत नाही. सीबीनॅट चाचणी हाच बदल शोधते.

गोळ्या मनाने बंद करू नका.