सायकलस्वारांचा निधी आणि स्मृतिभ्रंशग्रस्तांचे समूहगान

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाशी असलेल्या लँड्स एंडपासून स्कॉटलंडच्या उत्तरेकडील जॉन ओ ग्रोट्सपर्यंतचा रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरचा आहे. हौशी सायकलस्वार तो साधारणतः दहा ते चौदा दिवसांत पार करतात. पुष्कळजण निघण्यापूर्वी आप्त, शेजारी व सहकाऱ्यांकडून एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी देणगीचे वचन घेतात. देणगीदार करदाता असल्यास प्रत्येक पौंडामागे सरकार त्या संस्थेस आणखी २५ पेन्स देते.

अशा निधीवर चालणाऱ्या कार्यांत स्मृतिभ्रंशग्रस्तांचे गायनवर्गही आहेत. २००३ मध्ये बर्कशायरमधील न्यूबरी येथे क्रिॲन माँटगोमेरी-स्मिथ यांनी असा वर्ग सुरू केला व पुढे अल्झायमर्स सोसायटीने तो ब्रिटनभर नेला. येथे आवाजाची परीक्षा नसते. रुग्णाशेजारी त्याची पत्नी वा मुलगा बसून गातो, आणि ही योजना आम्हास फार मार्मिक वाटते. कारण एरवी दिवसभर औषध, स्नान, भोजन यांचीच आठवण करून देणारा मनुष्य येथे तासभर केवळ सोबती असतो. २०१९ मध्ये अभिनेत्री विकी मॅकक्लूर यांनी नॉटिंगहॅममध्ये उभारलेला वृंद बीबीसीवरून घरोघरी पोहोचला.

नातवाचे नाव विसरलेल्या आजोबांना जुने गीत कसे आठवते? लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांना २०१५ मध्ये असे आढळले, की दीर्घकाळ परिचित संगीताच्या स्मृतीशी निगडित मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये तुलनेने कमी झिजतो. मात्र गाण्याने व्याधी थांबत नाही. चरकाने मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत. तथापि त्यांच्या बळावर ‘गेलेली स्मृती परत येईल’ असे आश्वासन वैद्याने देऊ नये, औषधनिर्मात्याने तर वेष्टनावर मुळीच छापू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार आहेतच.

निधीबाबत एक अडचण उरते. सायकलमोहीम वर्षातून एखादी. सभागृहाचे भाडे, वादकाचे मानधन व वाहनखर्च मात्र वर्गागणिक द्यावा लागतो. म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा नियमित मिळणारी विनामूल्य जागा अधिक मोलाची ठरते. आपल्यापैकी ज्यांच्या चिकित्सालयाची वा औषधालयाची बैठक दुपारी रिकामी असते, त्यांनी आठवड्यातून एक तास ती अशा कुटुंबांना द्यावी. एक पेटी आणि रुग्णांच्या तरुणपणीची दहा-बारा गाणी एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो.