न्यू जर्सीचे पत्र : दलालाची कुंडली सर्वांसाठी खुली

एडिसन परिसरातल्या मराठी घरांत नोकरी बदलली किंवा निवृत्ती जवळ आली, की एक प्रश्न हमखास निघतो : फोर-ओ-वन-के या नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातले पैसे आता कुठे ठेवायचे? मग कुणीतरी ओळखीचा ‘फायनान्शियल ॲडव्हायझर’ सुचवतो. अशा वेळी मी एवढेच म्हणतो, आधी त्याचे नाव ‘ब्रोकरचेक’ या संकेतस्थळावर पाहा.

अमेरिकेत रोखे विकणाऱ्या प्रत्येक दलालाला एक सीआरडी (केंद्रीय नोंदणी) क्रमांक मिळतो. त्याने कितीही पेढ्या बदलल्या तरी हा क्रमांक बदलत नाही. पेढीत रुजू होताना यू-४ हा नोंदणी अर्ज भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे, परीक्षा द्यायच्या. २०१८ पासून प्राथमिक एसआयई परीक्षा कुणालाही देता येते. ‘सिरीज ७’ या पुढच्या परीक्षेला मात्र पेढीचे पाठबळ लागते. तिचे १२५ प्रश्न पावणेचार तासांत सोडवून ७२ गुण मिळवावे लागतात. माणूस पेढी सोडतो तेव्हा पेढीने तीस दिवसांत यू-५ हा अर्ज भरून कारण कळवायचे असते. दोन वर्षे कुठेच नोंदणी नसेल, तर सहसा परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

ही सारी नोंद फिन्रा ही दलालांवर नियंत्रण ठेवणारी संस्था ठेवते. हे सरकारी खाते नव्हे. दलाली पेढ्या तिच्या सभासद आहेत आणि एसईसी या सरकारी रोखे-नियामकाची तिच्यावर देखरेख आहे. कोणत्या पेढीत किती काळ काम केले, कोणत्या परीक्षा दिल्या, ग्राहकांच्या तक्रारी, दंड, बडतर्फी हे सारे ब्रोकरचेकवर फुकट वाचता येते. मला या व्यवस्थेचे मोल फार वाटते, कारण सामान्य माणसाला कुणाची मनधरणी न करता माहिती मिळते.

या व्यवस्थेत उणीवही आहे. लवादाकडे जाऊन तक्रार नोंदीतून पुसून घेण्याची वाट दलालांना मोकळी आहे आणि तिचा सर्रास वापर झाला. २०२३ मध्ये नियम कडक झाले : आता अशा अर्जावर तीन लवादांचे एकमत लागते. शिवाय स्वच्छ नोंद म्हणजे सचोटीची हमी नव्हे. गुंतवणूकदारांना फसवणारा बर्नी मॅडॉफ तर नॅस्डॅक या शेअर बाजाराचा माजी अध्यक्ष होता. डिसेंबर २००८ मध्ये त्याला अटक होईपर्यंत हजारो लोकांचा पैसा गेला होता.

भारतातही बाजार-नियामक सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत सल्लागारांची यादी असते. तिच्याच शेजारी प्रत्येकाच्या नोकऱ्यांचा, परीक्षांचा आणि तक्रारींचा इतिहास एका पानावर मिळावा, अशी मागणी महाराष्ट्रातल्या गुंतवणूकदारांनी जरूर लावून धरावी.