बसण्याचा हक्क

कापडाच्या मोठ्या दुकानांत आपण बसून तासन्‌तास साड्या पाहतों; पण त्या उलगडून दाखविणारी मुलगी सकाळपासून उभीच आहे, हें आपल्या ध्यानांत येतें काय?

केरळांतील कोझिकोडच्या दुकानांत व्यवस्थापकांचा दंडकच तसा होता. गिऱ्हाईक नसलें तरी बसावयाचें नाहीं. बसलेली दिसली, तर पगार कापावयाचा! कित्येक ठिकाणीं स्वच्छतागृहाचीहि सोय नव्हती. एकटीनें तक्रार करावी, तर नोकरीच जाण्याची धास्ती. मग करावें काय?

शिवणकाम करणाऱ्या विजी या बाईंनीं २००९ च्या सुमारास अशा स्त्रियांना एकत्र करून ‘पेनकूट्टु’ ही संघटना उभारली. आधीं स्वच्छतागृहाची आणि पुढें बसण्याच्या हक्काची मागणी त्यांनीं नेटानें लावून धरली. अखेर २०१८ सालीं केरळ सरकारनें दुकानांच्या कायद्यांत दुरुस्ती करून कामगारांस बसावयास आसन देणें मालकांवर बंधनकारक केलें. २०२१ सालीं तमिळनाडूनेंहि तसाच कायदा केला.

आपल्या मुली-सुनाहि आज दुकानांतून नोकऱ्या करतात. वरिष्ठाचा जाच त्यांनीं घरीं सांगितला, तर ‘सोस’ किंवा ‘सोडून दे’ एवढीं दोनच उत्तरें वडीलधाऱ्यांनीं देऊं नयेत. कापलेल्या पगाराची व जादा तासांची तारीखवार नोंद ठेव, आणि बरोबरच्या चौघींशीं बोल, असें सांगावें. एकटीचें गाऱ्हाणें ती कुरकुर ठरते. चौघींचें झालें म्हणजे त्याची दखल घ्यावी लागते.

आणि पुढल्या खेपेस साडी पाहतांना, दाखविणारीसाठीं जवळ एखादें स्टूल आहे कीं नाहीं, तेंहि अवश्य पाहावें.