सह्याद्री तसा तरुणच

सह्याद्रीचा विषय निघाला की ‘पृथ्वीच्या जन्मापासून उभा असलेला’ असे काहीतरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघतेच. पोवाड्यात ते शोभते, भूशास्त्रात टिकत नाही. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणजे पृथ्वीच्या आजवरच्या आयुष्यातला साडेअठ्ठ्याण्णव टक्के काळ उलटून गेल्यावर हा कातळ तयार झाला.

ही चूक अज्ञानातून होते असेही नाही. सहा कोटी आणि साडेचारशे कोटी हे दोन्ही आकडे कानाला सारखेच अफाट वाटतात. हजार वर्षांपलीकडचे जे काही असेल ते सगळे आपण ‘फार पूर्वी’ नावाच्या एकाच गाठोड्यात बांधतो. डायनासोर, लोणार, हिमालय, पहिला जीव, सगळे त्या एकाच गाठोड्यात. या विषयातले बहुतेक गैरसमज तिथेच जन्माला येतात.

म्हणून गाठोडे सोडून सामान रेल्वेच्या रुळांवर मांडून पाहावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्थानक १९२ किलोमीटर. गाडी सुटली तो क्षण पृथ्वीच्या जन्माचा आणि गाडी पुण्यात थांबते तो आजचा, असे धरले तर दर किलोमीटरला जवळजवळ २ कोटी ३६ लाख वर्षे मागे पडतात. दिवा ओलांडल्यावर जीवसृष्टीचा पहिला भक्कम पुरावा भेटतो: पश्चिम ऑस्ट्रेलियातले, सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे दगड. नेरळ मागे पडल्यावर हवेत प्राणवायू साठायला सुरुवात होते. गाडी लोणावळ्यात शिरते तेव्हा १५० कोटी वर्षे उरलेली असतात, पण खिडकीबाहेर एकही झाड नाही, एकही प्राणी नाही. नाना तऱ्हेच्या प्राण्यांची गर्दी दिसू लागते ती देहूरोड-आकुर्डीच्या सुमारास. डायनासोर दापोडीच्या आसपास येतात. सह्याद्रीचा लाव्हा वाहतो शिवाजीनगरजवळ, पुणे अगदी दोन-तीन किलोमीटरांवर आलेले असताना. आपली मानवजात शेवटच्या तेरा मीटरांत, म्हणजे जेमतेम अर्ध्या डब्यात मावते. आणि १६७४ मधला रायगडावरचा राज्याभिषेक? फलाटाच्या टोकापासून दीड सेंटीमीटर.

दुसरा गैरसमज असा की जमिनीखाली हा इतिहास वहीच्या पानांसारखा एकावर एक, सलग रचलेला आहे आणि खाली खणत गेले की एकेक शतक उलगडत जाते. कोयनेने हा समज चांगलाच मोडला. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतरही त्या परिसरात धक्के बसतच राहिले. त्यांचा अभ्यास करण्यासाठी गेल्या दशकात तिथे खोल विंधनविवरे घेण्यात आली. त्यांपैकी पहिल्या, दीड किलोमीटर खोल विवरात साधारण ९३३ मीटरपर्यंत सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्टच लागला आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. मध्ये वाळू नाही, चिखलाचा थर नाही, काहीच नाही. या खालच्या खडकाचे वय सुमारे २७० कोटी वर्षे निघाले.

रुळांच्या हिशेबात वरचा खडक शिवाजीनगरचा, खालचा थेट नेरळच्या अलीकडच्या वांगणीचा. मधले एकशे दहा किलोमीटर गायब. त्या काळात तिथे एक तर काही साचले नाही, किंवा जे साचले ते झिजून वाहून गेले. खडकांच्या नोंदीत असे खंड जागोजागी आहेत. अमुक जाडीचा थर म्हणजे तमुक वर्षे असा सरळ हिशेब म्हणूनच चालत नाही. कोयनेच्या त्या विवरात जवळपास किलोमीटरभर जाडीचा बेसॉल्ट काही लाख वर्षांचा ऐवज आहे, तर त्याच्या बुडाशी असलेल्या एका रेषेत २६० कोटींहून अधिक वर्षे दडलेली आहेत.

काही लाख वर्षे हे शब्द चुकून पडलेले नाहीत. भूशास्त्रीय घडामोडी नेहमी गोगलगायीच्या गतीनेच होतात, हीदेखील अर्धवट समजूत आहे. झीज संथ असते हे खरे. पण दख्खनचा लाव्हा झपाट्याने आला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आणि पश्चिम घाटात दोन किलोमीटरहून जाड असलेल्या या पठाराचा बहुतांश भाग दहा लाखांहून कमी वर्षांत ओतला गेला. थरांमध्ये अडकलेल्या राखेतून झिरकॉन खनिजाचे बारीक कण वेचून, त्यांतल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून हे वय काढले गेले आहे. तो ओघही सलग नव्हता. घाटरस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो, तो अशाच एका विश्रांतीचा. लाव्हा थांबला, वरचा खडक उन्हापावसाने कुजून त्याची माती झाली आणि मग पुढचा लोंढा तिच्यावरून गेला.

हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या डोंगराच्या तोंडातून उसळला असेल असे चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे असते, आणि मग एखादा टोकदार सुळका दिसला की तो ‘विझलेला ज्वालामुखी’ ठरतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून पाझरून सपाट पसरला. त्या भेगांत गोठलेला लाव्हा धुळे-नंदुरबार भागात भिंतींसारखा उभा आहे. सह्याद्रीचे कडे आणि किल्ल्यांचे सुळके ही त्यानंतरच्या झिजेची कामगिरी. कठीण थर टिकले, ठिसूळ थर ढासळले, आणि शिवकाळात ज्या उभ्या कातळांनी गडांची राखण केली ते तयार झाले. शिल्पकार पाऊस होता, आग नव्हे.

लोणारच्या सरोवराच्या वाट्याला दोन गैरसमज आले. तेही ज्वालामुखीचे विवर आहे असे पूर्वी मानले जाई. ते उल्केच्या आघाताने झाले हे १९७३ साली तिथल्या आघाताने बदललेल्या खनिजांवरून निर्विवाद ठरले. दुसरा गैरसमज वयाचा. ५० हजार वर्षे हा आकडा आजही सर्रास सांगितला जातो, पण आर्गॉन पद्धतीने केलेल्या नंतरच्या मोजणीत तिथल्या वितळलेल्या खडकाचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. अकरा-बारा पटींची ही दुरुस्ती लेखांतून आणि भाषणांतून व्हायची अजून बाकी आहे.

वयाची गोष्ट निघाली की हमखास कुणीतरी म्हणते, ‘कार्बन डेटिंग केले असेल.’ नाही केले. करताच येत नाही. कार्बन-१४ सजीवांच्या अवशेषांत सापडतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. साधारण ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगा तो उरतच नाही. बेसॉल्टसाठी पोटॅशियमपासून आर्गॉन किंवा युरेनियमपासून शिसे होण्याची, कितीतरी संथ घड्याळे वापरतात. उल्कापाषाणांतल्या शिशावरूनच क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. गेल्या जवळपास सत्तर वर्षांत त्यात फारसा फरक करावा लागलेला नाही.

आता आपल्याकडचा एक आवडता दावा. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. म्हणून आपल्या पूर्वजांना पृथ्वीचे वय ठाऊक होते, असे सांगितले जाते. दोन आकडे जवळ आहेत हे मान्य. पण कल्प हा विश्वाच्या एका चक्राचा पूर्ण कालावधी आहे, त्यातला सरलेला भाग नव्हे. पूजेच्या संकल्पात श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युग असा पत्ता सांगितला जातो. त्याचा हिशेब मांडला तर या कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच उलटली आहेत, आणि कोयनेखालचा खडकच त्याहून ७० कोटी वर्षांनी जुना निघतो. कालगणनेला एवढे मोठे आकडे वापरण्याची कल्पकता दाद देण्याजोगीच आहे. तिला मोजमापाचे प्रमाणपत्र चिकटवण्याची गरज नाही.

डायनासोरांबद्दल थोडक्यात. ते सगळे एकाच वेळी नांदत होते असे चित्रपट पाहून वाटते. पाठीवर हाडांच्या तबकड्या असलेला स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि टायरानोसॉरस रेक्स ६.६ ते ६.८ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे टी-रेक्सला स्टेगोसॉरसपेक्षा आपण काळाने जवळचे. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळालेले डायनासोरांचे अवशेष त्यांच्या अखेरच्या काळातले आहेत.

हिमालयाला ‘आदिम’ म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबावे. भारताचा भूखंड आशियाला भिडू लागला तो सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा थंड होऊन दीड-एक कोटी वर्षे झाल्यावर.

खरोखर जुना दगड पाहायचा असेल तर सह्याद्रीचा काळा कातळ सोडून त्याच्या कडेपलीकडे, भंडारा-गडचिरोलीकडे किंवा दक्षिणेला सिंधुदुर्ग-गोव्याकडे जावे. अनमोड घाटातला करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नाइस खडक ३०० कोटी वर्षांहून जुना आहे, आणि तिथवर डांबरी रस्ता जातो.